जैतापूरची वकिली आणि न सांगितलेला दर

पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर 2010 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला 35 अटी घालून मंजुरी दिली. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण 9,900 मेगावॉट, अशी तेव्हाची योजना. चव्हाण स्वतः अभियंते, आणि दिल्लीत पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री राहिलेले. त्यांची अणुविजेची वकिली ऐकीव माहितीवर उभी नव्हती. म्हणूनच ती अधिक कसून तपासायला हवी.

त्या काळात प्रकल्पाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे पोकळ नव्हते. राज्य भारनियमनाने त्रासले होते. कोळशाने हवा बिघडते, हे खरे. तारापूरची वीज 1969 पासून मिळते आहे, हेही खरे. पण यातून फार तर अणुवीज हवी, एवढेच सिद्ध होते. फ्रान्सचीच भट्टी का, ती माडबनलाच का आणि तिची वीज कोणत्या दराने, याचे उत्तर त्यात नाही.

भट्टी परदेशी का, याचे उत्तर डॉ. अनिल काकोडकर यांनी जानेवारी 2011 मध्ये एका मराठी दैनिकातल्या लेखात दिले. भारतावरचे आण्विक निर्बंध उठवण्यासाठी अमेरिका, रशिया आणि फ्रान्सची मदत झाली, तेव्हा त्यांचे व्यापारी हितसंबंध जपणेही आले, असा त्याचा आशय होता. अणुऊर्जा आयोगाच्या माजी अध्यक्षांनी हे मोकळेपणाने सांगितले, याचे मोल मोठे आहे. परराष्ट्र धोरणाची ही किंमत कोकणाने आणि राज्याच्या वीजग्राहकाने भरायची, हे मात्र व्यासपीठांवरून कोणी सांगितले नाही.

ती किंमत किती, याचा अंदाज याच जातीच्या भट्ट्यांवरून येतो. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे 2005 मध्ये काम सुरू झाले. 2009 मध्ये मिळायची वीज नियमितपणे मिळू लागली ती 2023 मध्ये. फ्रान्समधल्याच फ्लामानव्हिलच्या भट्टीचे काम 2007 मध्ये सुरू झाले; ती 2012 मध्ये पुरी व्हायची होती. ती डिसेंबर 2024 मध्ये ग्रिडला जोडली गेली आणि खर्च 3.3 अब्ज युरोवरून 13 अब्जांच्या पुढे गेला. अरेवाचा भट्ट्यांचा व्यवसायच पुढे फ्रान्सच्या सरकारी ईडीएफ कंपनीला आपल्याकडे घ्यावा लागला. एवढ्या भांडवलाचे व्याज शेवटी युनिटच्या दरातच येते. रत्नागिरी जिल्ह्याला हा धडा नवा नाही: दाभोळच्या एन्रॉनची महाग वीज घेता घेता राज्य विद्युत मंडळ मेटाकुटीला आले आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला.

मच्छीमारांचा हिशोब याहून वेगळा. 2013 मध्ये जमिनीची भरपाई हेक्टरी 22.5 लाखांपर्यंत वाढवली गेली. पण प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमाराकडे मोजायला हेक्टर नाही. समुद्राचा सातबारा निघत नाही. भट्ट्या थंड करून परत सोडलेले पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे 5 अंशांनी गरम असणार. त्याने मासळी दूर गेली तर कोणाला, किती आणि किती वर्षे भरपाई मिळणार, हे त्याला कायद्याने बांधलेल्या शब्दांत कळायला हवे होते. मार्च 2011 मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला. पुढच्याच महिन्यात नाटे येथे प्रकल्पविरोधी आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकाचा जीव गेला. तरीही सरकार प्रकल्पावर ठाम राहिले.

ईडीएफने एप्रिल 2021 मध्ये आपला तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव अणुऊर्जा महामंडळाला दिला. जैतापूरची शिफारस करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन गोष्टी सभेत लेखी मांडल्या पाहिजेत: पहिल्या युनिटचा दर, काम रखडल्यास वाढीव खर्च कोण सोसणार, आणि अपघात झाल्यास भट्टी पुरवणाऱ्या कंपनीवर किती रकमेची जबाबदारी राहणार.