उंच आणि उंची

‘कॉम्पॅक्ट लक्झरी क्रॉसओव्हर’ हे लांबलचक नाव धारण करणाऱ्या आखूड गाड्यांचा सध्या बोलबाला आहे. रूप जीपचे, सांगाडा साध्या मोटारीचा आणि किंमत उच्चभ्रू! आयुष्यभराच्या पुंजीतून असे वाहन घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी हे चार शब्द.

२०२२ साली भारतात दाखल झालेली दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू ३ पाहा. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती, आणि ती शक्ती चारही चाकांना. पावसाळ्यात घाट चढताना याचे मोल निःसंशय आहे. परंतु मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्यापायी मागील आसनापुढची जमीन मध्यभागी चांगलीच उंचावलेली असते. दोन नातवंडांच्या मध्ये बसणाऱ्या आजीने पाय ठेवावेत कोठे? जाहिरातीत ही आजी कधीच दिसत नाही.

बीएमडब्ल्यूची २०२३ मधील एक्स १ तितकीच रांगडी दिसते. मात्र भारतात ती आली तेव्हा तिची शक्ती केवळ पुढच्या चाकांना होती. उंच बांध्यावरून चारही चाके ओढतात असे समजू नये. शहरातच फिरणाऱ्याला त्यावाचून काही अडतही नाही. आडवाटेला शेत असलेल्याने मात्र हा प्रश्न आधीच विचारावा.

विक्रेता यजमानाला चालकाच्या जागी बसवून गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी घडवितो. तेवढ्यावर भुलू नये. घरातील पाचही माणसे नेऊन खडबडीत रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवावी, आणि यजमानाने त्या वेळी मागे, मधल्या जागी बसावे. टायरची किंमत व विम्याचा हप्ता तेथेच लेखी मागून घ्यावा.