झुबक्याआड झाकलेले डोळे
नवी मुंबईच्या दमट पावसाळ्यात पोलिश किंवा सिल्की कोंबडी पाळायची, तर तिच्या डोक्यावरचा पिसांचा झुबका स्वच्छ ठेवणे ही हौस नव्हे, कर्तव्य आहे. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही पाळणाऱ्यावर काळजीची जबाबदारी टाकतो. पसरट भांड्यात पाणी पिताना झुबका भिजतो, त्यात खाद्य चिकटते, उवा लपतात, डोळे चिघळतात. सिल्कीची पिसे तर पाणी झटकतच नाहीत. म्हणून अरुंद तोंडाचे भांडे हवे आणि डोळ्यांभोवतीची पिसे जपून कातरायला हवीत. शोभा जाते, असा आक्षेप येतो. पण कातरलेल्या पिसाच्या जागी पुढच्या पीसगळतीनंतर नवे येते, गेलेला डोळा येत नाही. वारंवार धुणे मात्र टाळावे: पोलिशच्या कवटीवरचा उंचवटा नाजूक असतो आणि या हवेत ओली पिसे लवकर वाळत नाहीत.