डीअरिंगवरचे खलाशी कुणी गिळले नाहीत

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यासमोर, केप हॅटरासजवळच्या डायमंड शोल्स या वाळूच्या दांड्यांवर ३१ जानेवारी १९२१ रोजी पाच डोलकाठ्यांचं एक जहाज रुतलेलं दिसलं. शिडं सगळी उभारलेलीच होती. समुद्र इतका खवळला होता की माणसं जहाजावर चढू शकली ती थेट ४ फेब्रुवारीला. ‘कॅरोल ए. डीअरिंग’वरच्या अकरा जणांपैकी कुणीही तिथे नव्हतं. भटारखान्यात जेवणाची तयारी अर्ध्यावर राहिली होती.

या अकरा जणांना बर्म्युडा त्रिकोणाने गिळलं, असं आजही छापलं जातं. त्रिकोण हे नावच मुळात १९६४ सालचं, व्हिन्सेंट गॅडिस यांच्या मासिकातल्या लेखाने रूढ केलेलं. मायामी, बर्म्युडा आणि पोर्तो रिको ही त्याची टोकं. जहाज ९ जानेवारीला बार्बाडोसहून निघालं आणि महिनाअखेरीस केप लुकआउटच्या दीपनौकेजवळून गेलं. ही जागा त्रिकोणाच्या पार बाहेर, उत्तरेला आहे. तिथे दीपनौकेवरच्या लोकांनी डीअरिंगवर माणसं पाहिली, त्यांच्याशी बोलणंही झालं. म्हणजे त्रिकोण मागे पडला तेव्हा खलाशी जहाजावर होते. एवढ्यावर हा दावा संपायला हवा होता.

दुसरा दावा चाच्यांचा. त्या वर्षीच्या वृत्तपत्रांनी त्यात रशियन बोल्शेविकांनाही ओढलं. एप्रिलमध्ये किनाऱ्यावर बाटलीतली चिठ्ठी सापडली, जहाज पळवल्याची. कप्तान विलिस वर्मेल यांची मुलगी लूला तेव्हा वडिलांच्या शोधासाठी वॉशिंग्टनपर्यंत धडपडत होती. व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांनी चौकशीत लक्ष घातलं. पण चिठ्ठी, ज्याने ती सापडल्याचं सांगितलं, त्यानेच लिहिलेली निघाली. बापाची वाट पाहणाऱ्या मुलीच्या आशेशी केलेला हा खेळ मला आजही संतापजनक वाटतो. आणि चाचे कशासाठी आले असते? जहाज रिओला कोळसा पोचवून रिकामंच परतत होतं. नाहीशा झालेल्या वस्तू होत्या नोंदवही, दिशादर्शक उपकरणं, खलाशांचं सामान आणि होड्या. लुटारू सोनंनाणं शोधतो. नोंदवही घेऊन जातो तो जहाज सोडणारा दर्यावर्दी.

माझं म्हणणं सरळ आहे. दीपनौकेवर कर्ण्यातून जो निरोप आला तो असा: वादळात दोन्ही नांगर गेले, मालकांना कळवा. दुर्दैवाने दीपनौकेचा रेडिओ बंद होता. नांगर नसलेलं शिडाचं जहाज भर हिवाळ्यात हॅटराससमोर म्हणजे जवळजवळ निराधार. तिथे उष्ण गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेचा थंड प्रवाह एकमेकांना भिडतात, तळातली वाळू सरकत राहते. या टापूला अटलांटिकची दफनभूमी म्हणतात. जहाज पूर्ण शिडांनिशी वाळूत घुसलं असणार. शिडं उतरवायला वेळ मिळाला नाही, कागदपत्रं आणि कपडे उचलण्यापुरता मिळाला. होड्या पाण्यात सोडल्या आणि त्या फुटणाऱ्या लाटांत उलटल्या किंवा खोल समुद्राकडे ओढल्या गेल्या. उभारलेली शिडं, अर्धवट स्वयंपाक, गेलेल्या होड्या, हे सगळं या एकाच घटनाक्रमात बसतं.

खरा प्रतिवाद उरतो तो बंडाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आजारी पडलेल्या कप्तानाच्या जागी ऐनवेळी बोलावलेले ६६ वर्षांचे वर्मेल आणि त्यांचा पहिला अधिकारी यांचं पटत नव्हतं. बार्बाडोसमध्ये त्या अधिकाऱ्याने दारूच्या नशेत कप्तानाला धमकावल्याचं सांगितलं गेलं. दीपनौकेशी बोलणारा माणसही कप्तान वाटला नाही. पण कप्तानाला मारून जहाज बळकावणारे लोक स्वतःहून दीपनौकेजवळ येऊन मालकांना निरोप द्यायला सांगतील का? लपायचं असतं तर ते रात्रीच्या अंधारात दूरवरून निघून गेले असते. कप्तान वादळात वाहून गेले असतील, आजारी असतील, नाहीतर सुकाणूपाशी गुंतलेले असतील. एका माणसाने कर्णा धरला नाही, एवढ्या आधारावर बाकीच्या दहा जणांना, ज्यांतले बहुतेक डॅनिश खलाशी होते, खुनी ठरवता येत नाही. सरकारी चौकशीही बंड सिद्ध न करताच बंद झाली.