गळती कोणाची, दोष कोणाचा?

तरुण मंडळी ज्याला 'व्हेप' म्हणतात त्या ई-सिगारेटची टाकी गळली आणि यंत्र बंद पडले, की एक ठराविक उपदेश कानी येतो. वापरणाराने ते आडवे ठेवले असेल, त्याच्या हलगर्जीपणाचे हे फळ. आता दोन दिवस ते तांदळात पुरून ठेवावे म्हणजे पूर्ववत् होईल! या उपदेशात दोन असत्ये आहेत. दोष केवळ वापरणाराचा, हे पहिले. आणि अशा उपायाने दुरुस्ती होते, हे दुसरे. दोहोंचाही समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

असल्या व्यसनाच्या वस्तूची चर्चा देवस्थानांच्या परिवारात कशाला, असे कोणी विचारील. धूम्रपानाचा हा नवा अवतार आम्हांलाही प्रिय नाही. पण इंग्लंडात स्विंडनसारख्या शहरी गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली आहे, आणि चवथीला घरी येणाऱ्या मुलाच्या खिशात काय असते ते घरच्यांनी जाणलेले बरे.

या यंत्राची रचना आपल्या समईहून फार निराळी नाही. टाकीत द्रव, द्रवात भिजलेली कापसाची वात, वातीभोवती किंवा वातीत तापणारी तार. ज्योतीच्या जागी तेवढी लिथियमची बॅटरी. जोडांतून द्रव झिरपू नये म्हणून रबरी ओ-रिंगा बसविलेल्या असतात. रबर झिजले, टाकी काठोकाठ भरली, किंवा यंत्र उन्हात तापलेल्या मोटारीत राहून द्रव पातळ झाला, की गळती सुरू होते. विमानात तर हवेचा दाब कमी होतो, टाकीतील कोंडलेली हवा फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. यात वापरणाराचा हलगर्जीपणा तो कोणता? ही नैसर्गिक कारणे यंत्र घडविणाराला ठाऊक नाहीत काय? ठाऊक असूनही हवेच्या छिद्रांखालीच विजेची जोडणी ठेवणारा तो निर्दोष, आणि यंत्र उशाशी ठेवून झोपलेला पोर मात्र अपराधी!

आता तांदळाविषयी. पाणी उडून जाते. हा द्रव तसा उडत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही त्याची मुख्य घटकद्रव्ये हवेतील ओलावा उलट आपल्याकडे ओढून घेतात. तांदूळ त्यांचे काय करणार? खरी दुरुस्ती निराळी आहे, आणि ज्या यंत्राचे भाग सुटे होतात त्याच्या बाबतीत ती कोणासही जमेल. टाकी उतरावी, बॅटरी निघत असल्यास काढावी, जोडणीचे धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, ओ-रिंग आणि तारेची कॉइल नवी घालावी. द्रवात बहुधा निकोटीन असते आणि ते कातडीतून शरीरात जाते. म्हणून हात साबणाने धुवावेत, आणि हे काम लहान मुले रांगतात तेथे करू नये. परंतु द्रव आतल्या विद्युत्-पट्टीपर्यंत पोहोचला असेल, यंत्र न ओढताच तापत असेल, किंवा बॅटरी फुगली असेल, तर ते चार्ज करणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण देणे होय. तेथे हौशी कारागिराने हात आवरावा.

दुरुस्तीचे आम्हांस वावडे नाही. पितळी समई आट्यांनी जोडलेली असते. तेल जोडातून ठिबकू लागले तर पुजारी ती उलगडतो, चिंचेने घासतो, पुन्हा आवळतो. चीर पडली असेल तर कांसार डाख देतो. वस्तू उलगडता येते म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उलट एकदाच वापरून टाकावयाचे व्हेप मुद्दाम बंद करून विकले गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२३ साली दाखविले की त्यांच्यातील बॅटऱ्या ४५० हून अधिक वेळा चार्ज होऊ शकतात. म्हणजे बॅटरी शेकडो वेळा चालणारी, आणि यंत्र एकदाच! त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दर आठवड्यास सुमारे ५० लाख अशी यंत्रे फेकली जात असल्याचा मटेरियल फोकस या संस्थेचा अंदाज प्रसिद्ध झाला. हा अपव्यय अजाणतेपणी झाला असे आम्ही मानीत नाही.

१ जून २०२५ पासून ब्रिटनने अशा यंत्रांची विक्री बंद केली. बेल्जियमने ती त्याच वर्षी १ जानेवारीस केली होती. ब्रिटिश नियमानुसार यंत्र पुन्हा चार्ज झाले पाहिजे, पुन्हा भरता आले पाहिजे आणि त्याची कॉइल बदलता आली पाहिजे. ठीक आहे. पण द्रव शिरलेले यंत्र उघडून पुसता आले पाहिजे, हे त्यात कोठे आहे? बॅटरी वापरणारास स्वतः काढता यावी, ही अट युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी-कायद्यात आहे आणि तिच्या अंमलासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली गेली. चार्ज करण्याचे भोक पाडले म्हणजे वस्तू टिकाऊ झाली, ही कारखानदारांची पळवाट आहे.

भारतात तर प्रश्नच वेगळा. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि साठा निषिद्ध आहे, आणि 'उत्पादन' या शब्दाच्या व्याख्येत भाग जोडण्याचे कामही येते. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हापशाच्या बाजारातील मोबाईल दुरुस्त करणाराने गळके व्हेप हातात घेण्यास नकार दिला, तर त्याच्यावर रागावू नये. त्याचा नकार शहाणपणाचा आहे. परदेशातून येणाऱ्या मुलाने ते विमानात चढण्यापूर्वीच मागे ठेवावे. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानदाराने जुनी यंत्रे परत घेतली पाहिजेत असा नियम आहे. ज्याने ते विकले त्याच्याच दारी ते नेऊन द्यावे.