२८ गेले, ४२ आले

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझ्या लॅपटॉपच्या चार्जरने प्राण सोडला. अकराला स्टोरी फाइल करायची होती, बॅटरी बारा टक्के, आणि आरोपी सोफ्याखाली शेपूट हलवत बसलेली. नाव खारी. वय साडेचार महिने, जात अस्सल देशी, मूळ पत्ता आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं पार्किंग. नशीब, प्लग काढलेला होता. नाहीतर हा कॉलम वेगळाच झाला असता.

त्याआधीच्या पंधरा दिवसांतला स्कोअर असा: एक कोल्हापुरी (दुसरी शाबूत, म्हणजे दोन्ही बाद), रूममेटचा हेडफोन आणि घरमालक काकांच्या टीपॉयचा एक पाय. शिवाय माझे दोन्ही हात ओरबाडलेले.

त्या रात्री रूममेटने शांतपणे विषय काढला. तिच्या ऑफिसमधल्या एकाचं मुळशीला शेत आहे. "त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे. मोकळी राहील गं ती." मी 'बघू' म्हणाले. खरं सांगते, मनातून मी अर्धी तयार झाले होते.

दोन दिवसांनी लशीसाठी डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी तक्रारींची यादी वाचली. त्यांनी खारीचा ओठ वर केला आणि हसल्या. "वेडबिड काही नाही, दात येतायत हिला."

तर मंडळी, फंडा असा आहे. पिल्लू जन्मतं ते बोळकं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात फुटायला लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत २८ पूर्ण होतात, सुईसारखे. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे दात पडून पक्के यायला लागतात. मग सुळे, आणि शेवटी अगदी मागच्या दाढा, ज्यांना दुधाची आवृत्तीच नसते. सातव्या महिन्यापर्यंत ४२ दात हजर. आपल्याला हाच कार्यक्रम उरकायला सहा-सात वर्षं लागतात. खारी तो तीन-चार महिन्यांत उरकत होती. हिरड्या ठणकणारच ना! आणि काहीतरी चावलं की तिला बरं वाटतं. माझा चार्जर हे तिच्यासाठी औषध होतं.

"अजून किती दिवस?" मी विचारलं.

"दोन-अडीच महिने."

बस्स, एवढंच? आपला नोटीस पीरियडसुद्धा तेवढा असतो यार! आतापर्यंत मला वाटत होतं, ही जन्मभर अशीच राहणार. आता तारीख मिळाली. घरी येऊन रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. सात महिने पूर्ण होईपर्यंत मुळशी होल्डवर."

मग आम्ही कामाला लागलो. जुना नॅपकिन भिजवून, पिळून, फ्रीझरमध्ये घट्ट केला. गार गाजर दिलं (समोर बसून, गिळून टाकू नये म्हणून). नख दाबलं तर खड्डा पडेल इतपतच कडक रबराचं खेळणं आणलं. हाडं मात्र नाहीत, त्याने नवे दात तुटतात. वायरी वर, चपला कपाटात. हाताला दात लागला की खेळ तिथेच बंद. ओरडायचं नाही, उठून जायचं. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या तिला चुकूनही द्यायच्या नाहीत, कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात. खेळण्यावर रक्ताचे एक-दोन ठिपके दिसले तर घाबरू नका. पण पिल्लाच्या दाताने तुमची कातडी फुटली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. 'घरचंच पिल्लू आहे' हे रेबीजला कळत नाही.

सहाव्या महिन्यात एक लोच्या झालाच. वर डावीकडे पक्का सुळा आला, पण दुधाचा हटेना. दोघं खेटून उभे, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्यासारखे! डॉक्टरांचा नियम सोपा: एका जागी एकच दात. जुना राहिला तर नवा वाकडा येतो, फटीत घाण अडकते. खालचा सुळा अडला तर टाळूत घुसतो. छोट्या जातींच्या कुत्र्यांत हे जास्त होतं. खारीचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलेलंच होतं, त्याच भुलीत तो दातही निघाला. म्हणून आठवड्यातून एकदा पिल्लाचा ओठ वर करून बघा.

आता एक निरीक्षण. 'पाच महिन्यांचं, खेळकर पिल्लू, शिफ्टिंगमुळे देणे आहे' असा मेसेज दिसला की मी आधी वय बघते. शिफ्टिंग खरंही असेल, पण पाचवा महिना बघून मला आमचा टीपॉय आठवतो. असा मेसेज टाइप करत असाल, तर दोन महिने थांबा. तेवढंच म्हणणं आहे.

खारी आता आठ महिन्यांची आहे. पडलेले दात ही मंडळी बहुतेक गिळूनच टाकतात, पण एक रूममेटला चादरीत सापडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. माझा पहिला दात आजीने कौलांवर फेकला होता. फ्लॅटला कौलं कुठून आणणार? रूममेटने तो तिच्या टिकल्यांच्या डबीत ठेवलाय.

मुळशीचा विषय तिने परत काढलेला नाही.