पाण्याचा हिशेब

गौलीगुड्याचे नावच मुळी गौळ्यांवरून पडलेले. तेव्हा ह्या वस्तीतल्या कुत्र्यांनी दूध-भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली असल्यास त्यात नवल नाही. आमच्या वाड्यातल्या काकूंचा मोतीही सकाळी दूध-भाकरी आणि रात्री वरणभात खाऊन, दाराशी येणाऱ्या प्रत्येक पोस्टमनावर इमानाने भुंकत, दहा वर्षे सुखाने नांदला. गेल्या दिवाळीत काकूंचे चिरंजीव परदेशातून आले आणि त्यांच्या सामानातून खास मोतीसाठी आणलेली दोन मोठी पाकिटे व एक डबा निघाला. चिरंजीव आठ दिवसांत परत गेले. पाकिटे व डबा घेऊन काकू माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, एवढे वाचून सांगा हो. ह्यातले मोतीला काय द्यावे?"

मी चष्मा लावला. डब्यावर प्रथिने शेकडा ८ असे छापलेले होते, पाकिटावर शेकडा ११. अकरा आठांहून मोठे, हे सांगावयास एम. ए.ची पदवी लागत नाही. शिवाय डब्यात कोंबडीचे मांस होते, आणि पाकिटात बटाटा, जवस, रताळे, गाजर, कोबी, सफरचंद अशी शुद्ध शाकाहारी यादी. पाकिटावर 'निर्जलित' ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो मी काकूंना असा समजावला की, हे म्हणजे आपले वाळवणच. आपण गवारी वाळवतो, मेथी वाळवतो, तसे ह्यांनी गाजर-रताळे वाळवून कुटले आहे. गरम पाणी घातले की फुलते. वाळवण म्हटल्यावर काकूंची शंकाच फिटली. डबा त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना दिला आणि मोतीची दूध-भाकरी बंद होऊन त्याच्या ताटलीत ते फुगवलेले वाळवण पडू लागले.

सहा आठवड्यांनी मोतीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. अंगावरची लव राठ झाली, आणि पोस्टमन आला तरी तो नुसती मान उचलून पाही. काकू दोन रात्री झोपल्या नाहीत. यजमान गेल्यापासून त्या घरात तेवढाच एक सोबती, हे वाड्यात सर्वांना ठाऊक आहे. अखेर आम्ही त्याला रिक्षात घालून पशुवैद्यांकडे नेले.

वैद्यांनी मोतीला तपासले, रक्त घेतले आणि पाकीट मागितले. मी ते बरोबर नेले होते. त्यांनी पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. पाकीट उलटे करून खालच्या बारीक अक्षरांवर त्यांनी बोट ठेवले. तेथे लिहिले होते की, हे केवळ मूळ मिश्रण आहे. ह्यात आपल्या पसंतीचे शिजवलेले मांस अथवा अंडी घालूनच ते पूर्ण अन्न होते. तीस वर्षे मुलांना 'प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा' असे बजावणाऱ्या माणसाने पाकिटाची पाठ वाचली नव्हती.

पण ह्याहून मोठी चूक पुढेच होती. वैद्यांनी कागदावर दोन ओळींचे गणित मांडले. डब्यातल्या खाण्यात शेकडा ७८ भाग पाणी. म्हणजे खरे अन्न २२ भाग, आणि त्यात ८ भाग प्रथिने. पाणी काढून टाकले तर प्रथिने शेकडा ३६ झाली. पाकिटात पाणी अवघे ७ भाग. तेथे ९३ भाग अन्नात ११ भाग प्रथिने, म्हणजे शेकडा १२ देखील नाहीत. अमेरिकेत पशुखाद्याचे जे निकष सर्वमान्य आहेत, त्यांनुसार प्रौढ कुत्र्याच्या अन्नात, पाणी वगळून, निदान शेकडा १८ प्रथिने हवीत आणि वाढत्या पिलाच्या अन्नात साडेबावीस. मी ज्याला आठ म्हणून नाकारले ते छत्तीस होते, आणि ज्याला अकरा म्हणून पसंत केले ते बारालाही पोहोचत नव्हते. डब्यातले खाणे वजनाने चौपट घालावे लागते, हे खरे. परंतु पाणी मोजून कोणाचे पोट भरत नाही.

हा हिशेब सातवीतल्या मुलालाही येतो. वाचकांच्या घरी कुत्रे असल्यास त्यांनी पाकिटावरील पाण्याचा आकडा आधी शोधावा, तो शंभरातून वजा करावा, आणि उरलेल्या संख्येने प्रथिनांच्या आकड्याला भागून शंभराने गुणावे. स्निग्धांशाचेही तसेच. पिष्टमय पदार्थांचा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. तो प्रथिने, स्निग्धांश, तंतू, पाणी व राख ह्यांची बेरीज शंभरातून वजा करून काढावा लागतो. आमच्या पाकिटाचा तो पासष्टाच्या आसपास निघाला. म्हणजे काकूंनी भाकरी बंद करून मोतीला परदेशी भाकरीच घातली होती, आणि तीही दुधावाचून.

घटकांच्या यादीतही असाच चकवा आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम. पण ते वजन भट्टीत जाण्यापूर्वीचे असते. ताज्या कोंबडीत जवळजवळ शेकडा सत्तर पाणीच. ती यादीत पहिली दिसली तरी वाळल्यावर तांदळाच्या मागे जाऊ शकते. उलट यादीत 'वाळवलेली कोंबडी' असे असेल, तर ती तिसऱ्या जागी असूनही ताज्या कोंबडीहून भारी ठरते. आणि तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावे निरनिराळी लिहिली, की तिन्ही आपोआप खाली सरकतात. आपल्याच सिद्दीपेट जिल्ह्यात मार्स कंपनीचा कुत्र्यामांजरांच्या खाद्याचा मोठा कारखाना आहे. बाजारातल्या त्या टणक गोळ्या वाफेच्या दाबाखाली शिजवून, साच्यातून काढून मग वाळवलेल्या असतात. निर्जलित खाद्य मंद उष्णतेवर वाळवतात. पद्धत कोणतीही असो, पाकीट वाचण्याची रीत एकच.

इंग्रजीत प्रथिनांच्या आधी 'क्रूड' असा एक शब्द असतो. त्याला मराठीत 'कच्ची' म्हणावे की 'अशुद्ध', ह्यावर मी एक संध्याकाळ घालवली. 'स्थूल' हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. कारण ती प्रथिने कोणी मोजलेली नसतात. डेन्मार्कच्या केल्डाल ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली शोधलेल्या रीतीने अन्नातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. नायट्रोजन डाळीचा, की मांसाचा, की आणखी कशाचा, हे त्या रीतीला कळत नाही. २००७ साली चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन हे रसायन मिसळलेले सापडले. त्यात दोन-तृतीयांश नायट्रोजनच असल्यामुळे आकडा फुगत होता. ते खाद्य खाऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याने कितीतरी कुत्री-मांजरे मेली. पाकिटांवरचे आकडे मात्र उत्तम होते.

येथे कोणी म्हणेल, मग आपली दूध-भाकरीच काय वाईट? ह्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याच गावात झालेला आहे. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेत आली, तेव्हा डॉ. वि. ना. पटवर्धन तिचे संचालक होते. दख्खनच्या जोंधळा खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग का आढळतो, ह्याचा शोध तेथे डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी घेत होते. माणसांच्या पेलाग्रासारखाच कुत्र्यांना 'काळी जीभ' हा रोग होतो, आणि तो निकोटिनिक आम्लाने बरा होतो हे अमेरिकेत एल्वेहेम ह्यांनी १९३७ मध्ये दाखविलेच होते. १९६५ साली डॉ. बेलवाडी व डॉ. गोपालन ह्यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले की, जोंधळ्याच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते. जोंधळ्यातील ल्यूसीन ह्या घटकाचे आधिक्य हेच त्याचे कारण, ह्या त्यांच्या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु नुसती भाकरी कुत्र्याला पुरत नाही, ह्यात वाद नाही. मोती दहा वर्षे तगला तो दुधावर आणि वरणावर. कुत्रा काही मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नव्हे; लांडग्याहून त्याला पिष्ट अधिक पचते, हे २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्या जनुकांवरून दाखविले आहे. तथापि पचणे निराळे आणि पुरणे निराळे.

वैद्यांनी अंडी सांगितली. अंड्यात शेकडा ७५ पाणी आणि साडेबारा प्रथिने. पाणी वजा जाता पन्नास. हा हिशेब मी काकूंना तेथल्या तेथे सांगितला. त्या गप्प बसल्या. "पनीर नाही का चालणार?" एवढेच त्यांनी विचारले. वैद्य म्हणाले, थोडेफार चालेल, पण ह्या मिश्रणातील क्षार मांस-अंड्यांचा अंदाज धरूनच घातलेले आहेत, आणि आता प्रयोग करण्याइतकी ताकद ह्याच्यात उरलेली नाही.

ज्या घरात कांदा-लसूणही चातुर्मासात येत नाही, तेथला हा प्रश्न होता. (कांदा कुत्र्याला कधीच घालू नये, मनुकाही नव्हे, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मनुकांनी मूत्रपिंडे जातात.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहतो तो वाड्याच्या चौकात, तुळशीपासून दूर, न्हाणीच्या भिंतीला लागून एक स्टोव्ह पेटलेला. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा अंडी उकडीत होता आणि काकू चार हात अंतरावरून घड्याळ पाहून त्याला मिनिटे सांगत होत्या. अंडे सोलून, कुस्करून, भिजवलेल्या मिश्रणात त्याने कालवले. ताटली मात्र काकूंनी स्वतः मोतीपुढे सरकवली; मग आत जाऊन त्यांनी स्नान केले.

भिजवलेले उरले तर ते टाकून द्यावे, हेही वैद्यांनी बजावले होते. वाळवण टिकते ते त्यात पाणी नसते म्हणून. वाळवल्याने जंतू सगळे मरत नाहीत, नुसते थांबतात. पाणी घातले की आपल्या उन्हाळ्यात तासाभरात आंबू लागते. काकूंना उरलेले टाकण्याचे जिवावर येते, म्हणून त्या आता मोजून भिजवतात.

मार्चमध्ये मोतीने पोस्टमनाला पुन्हा फाटकापर्यंत पळवले. परवा चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मी तेथेच बसलो होतो. आणखी एक नवे, महागडे खाणे पाठवतो म्हणत होते. काकूंनी फोन कानापासून जरा दूर धरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पाठव बाबा. पण आधी पाठ वाच त्याची, आणि त्यात पाणी किती ते सांग. गुरुजींना विचारू नकोस."