हम मारणारा अँप आणि निर्दोष ट्रान्सफॉर्मर

अँप हम मारायला लागला की पहिला संशय ट्रान्सफॉर्मरवर. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावसारख्या हमरस्त्यावरच्या बाजारगावात तो बदलून मिळायलाही वेळ लागत नाही. नवा बसतो, स्क्रू आवळले जातात, दुकानात आवाज स्वच्छ येतो. अँप घरी जातो आणि रात्री जेवणे आटोपून गाणी लावावीत तर घुंई पुन्हा सुरू. मग ‘ट्रान्सफॉर्मरच डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुसऱ्या फेरीची तयारी. खरे तर बऱ्याच वेळा पहिलाही चांगला होता आणि दुसराही.

गावाकडच्या घरात स्टिरिओच्या मुख्यतः दोन जाती दिसतात. थोरल्या पिढीने हौसेने घेतलेला फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिक ही एक. दुसरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या मालाची: ४४४० आयसीचा बोर्ड, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, ४७०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर आणि दर्शनी पत्र्यावर ब्लूटूथ-यूएसबीचे मॉड्यूल. या दुसऱ्या जातीला नाके मुरडणारे शहरात पुष्कळ आहेत. पण ती उघडता येते, समजते आणि दुरुस्त होते, म्हणून या स्तंभाला तीच अधिक प्रिय.

पेचकस हातात घेण्याआधी कान लावावा. आवाज स्पीकरमधून येतो की डब्यातून? अँप ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा असेल तर तो बंद करून स्पीकरच्या वायरी काढाव्यात आणि पुन्हा चालू करावा. (व्हॉल्व्हच्या जुन्या अँपवर हा प्रयोग करू नये, स्पीकरविना चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) तरीही डबा घुमत असेल तर लोखंड वाजते आहे. डबा गप्प झाला तर दोष विजेच्या वाटेवर आहे आणि ट्रान्सफॉर्मर बदलून काही साधणार नाही.

लोखंड वाजते ते का, याचा शोध जुना आहे. चुंबकत्व आले की लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे जेम्स ज्यूल याने १८४२ मध्ये दाखवून दिले. हा बदल लाखात एखाद्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर दोनदा चुंबकित होतो, एकदा या दिशेने आणि एकदा त्या. म्हणून त्याचा मूळ सूर १०० हर्ट्झचा. पेटीवर तो खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ पडतो. काळी एकच्या तंबोऱ्यावर आळवलेला एखादा संथ ख्याल ऐकताना हा आगंतुक स्वर का खुपतो, ते गाणे ऐकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

थोडा सूर प्रत्येक ट्रान्सफॉर्मर लावतोच. तो खोलीभर ऐकू येतो तेव्हा बहुधा स्टँपिंगच्या पत्त्या सैल झालेल्या असतात किंवा पूर्ण चेसिस त्याच्याबरोबर थरथरत असते. आधी ट्रान्सफॉर्मरखाली रबरी वॉशर घालून बघावे. पत्त्याच वाजत असतील तर वॉर्निश पाजून भट्टीत सुकवणे हा पक्का इलाज, आणि इथे शेतीचा मुलूख कामी येतो. शेतीपंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात वॉर्निश आणि भट्टी दोन्ही रोजच्या वापरात असतात. गोल टोरॉइड असेल तर मधला बोल्ट बेताने आवळावा. त्या बोल्टचे वरचे टोक डब्याच्या झाकणाला टेकले की बोल्ट, झाकण आणि चेसिस मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. मग नुसता आवाज येत नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता एक लबाड दोष. १२-०-१२ च्या जोडणीत दोन डायोड आळीपाळीने काम करतात. त्यातला एक उघडा पडला की अर्धीच लाट वापरली जाते आणि स्पीकरमधली घुंई १०० वरून ५० हर्ट्झवर, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली उतरते. शिवाय कोअरमधून एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागल्याने ट्रान्सफॉर्मरही गुरगुरतो. ऐकणारा शपथेवर सांगेल की ट्रान्सफॉर्मर गेला. गेलेला असतो किरकोळ किमतीचा एक डायोड. कंडेन्सर सुकला असेल तर सूर १०० वरच राहतो, पण वाढतो. ४७०० मायक्रोफॅरड शाबूत असतानाही २ अँपिअर ओढले की व्होल्टेजमध्ये ४ व्होल्टच्या आसपास चढउतार होतो. कंडेन्सर निम्मा उरला की तो जवळपास दुप्पट. टोपी फुगलेला कंडेन्सर डोळ्यांना दिसतो. मोठ्या अँपमध्ये मात्र तो प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो, तेव्हा बोट लावण्याआधी मीटर लावावा.

मग दुकानात गप्प बसलेला अँप घरी का बोलतो? कारण घरची वीज वेगळी असते. नियमाप्रमाणे २३० व्होल्टमध्ये ६ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. शेतीपंपांची थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. पंप चालू असले की व्होल्टेज बसते, बंद झाले की चढते. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबे आणि पत्त्या दोन्हींची काटकसर केलेली असते, त्यामुळे २५० च्या पुढे त्याचा कोअर तुंबतो आणि आवाज एकदम वाढतो. ४४४० आयसीला शिफारस १३.२ व्होल्टची, चालू स्थितीतली कमाल मर्यादा १८ ची. भिंतीत २५५ आले की १२ व्होल्टच्या वेढ्यातून डायोडमागे १८ व्होल्ट सहज उभे राहतात. अशा रात्री घुंई हा इशाराच समजावा. स्टॅबिलायझर लावता येतो, पण त्याच्या पोटातही ट्रान्सफॉर्मर असतो आणि तोही गातो, हे आधीच मनाशी धरावे.

लाइट गेल्यावरच घुंई येत असेल तर अँप उघडूच नये. जुन्या पद्धतीच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्रान्सफॉर्मर दोघेही कुरकुरतात. साइन वेव्हवर ती तक्रार मिटते. घरात कोणी हेअर ड्रायर मंद उष्णतेवर चालवला की टोरॉइड घुमतो, हाही अनेकांना चकवणारा प्रकार आहे. बऱ्याच ड्रायरमध्ये उष्णता निम्मी करायला सरळ एक डायोड टाकलेला असतो. तो अर्धीच लाट ओढतो आणि लाइनवर थोडा डीसी सोडतो. टोरॉइडच्या कोअरमध्ये फट नसल्याने त्याला तेवढाही सोसत नाही.

अमेरिकेतल्या लेकाने किंवा भाच्याने पाठवलेल्या अँपची कथा आणखी वेगळी. स्टेप-डाउन लावून २३० चे १२० व्होल्ट होतात, पण ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत. फक्त ६० साठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर इथे २० टक्के जादा चुंबकीय भार पडतो. तो घुमतो आणि तापतोही. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ लिहिले आहे का, हे सामान बांधण्याआधी फोनवर विचारून घ्यावे.

शेवटी अर्थिंग, आणि इथे पाथर्डी तालुक्याची जमीन मध्ये येते. हा अवर्षणाचा पट्टा. मीठ-कोळशाचा खड्डा पावसाळ्यात ठीक चालतो, पण उन्हाळ्यात ओल गेली की नावापुरता उरतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधून जी किंचित गळती अर्थला जायला हवी, ती मग ऑडिओच्या पिनेतून अँपमध्ये शिरते. टीव्हीची पिन काढताच घुंई थांबणे ही त्याची खूण. खात्रीसाठी इलेक्ट्रिशियनकडून प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा फार जास्त असेल तर काम खड्ड्याशी आहे.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे अँपची तिसरी पिन काढून टाकणे. कधी कधी घुंई खरोखरच जाते आणि करणाऱ्याला कारागीर म्हणून मान मिळतो. पण उद्या आतली वायर सुटून पत्र्याला लागली तर तो पत्रा घरातल्या कोणाच्या तरी हाताखाली २३० व्होल्टवर असेल. हा इलाज करणाऱ्या दुकानाकडे पुन्हा जाऊ नये, असे या स्तंभाचे स्पष्ट मत आहे. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. टीव्ही आणि अँप एकाच बोर्डावर घ्यावेत. तरीही घुंई उरली तर ऑडिओच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा, पण अर्थची पिन जागेवरच ठेवावी.